ग्रीस न लावता चालणारा प्लॅस्टिक बुश: कार्बन कुठला घ्यायचा, किती टाकायचा आणि कसा टाकायचा

बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही) झिजतोय, ग्रीस लावायची सोय नाही कारण लाइन पिठाची किंवा औषधाची किंवा कापडाची आहे आणि तेलाचा एक थेंब पडला तरी माल बाद, मग प्लॅस्टिकमध्ये ग्राफाइट (कार्बनचाच एक मऊ प्रकार) टाकून घेतलं तर चालेल का? हा प्रश्न दर चार दिवसांनी कोणीतरी विचारतोच. चालेल. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, घर्षण कमी करणं हे एक काम आणि झीज कमी करणं हे दुसरं काम, आणि कार्बन ही दोन्ही कामं प्रत्येक प्लॅस्टिकमध्ये सारखी करत नाही.

टेफ्लॉनचंच बघा, म्हणजे पीटीएफई. १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या रॉय प्लंकेटला गॅसच्या सिलिंडरमध्ये अचानक सापडलेली ती पांढरी पावडर. त्याचं घर्षण आधीच इतकं कमी (गुणांक साधारण ०.०५ ते ०.१) की त्यात कार्बन टाकला तर घर्षण उलट थोडंसं वाढतं, ०.१ ते ०.२ च्या घरात जातं. मग टाकायचा कशाला? कारण नुसतं टेफ्लॉन भयंकर झिजतं. त्याचे मोठेमोठे पापुद्रे निघून बाहेर पडत राहतात. २५ टक्के कार्बन टाकला की झीज शेकडो पटींनी, कधी हजार पटींनी कमी होते. पीकमध्ये (पीईईके, गरमीत टिकणारं महागडं प्लॅस्टिक) आणि नायलॉनमध्ये गणित उलटं, तिथे नुसत्या मटेरियलचं घर्षणच ०.३ ते ०.४ असतं आणि योग्य फिलर (प्लॅस्टिकमध्ये मिसळायची भर, जसा कार्बन) घातला की ते ०.२ च्या आसपास किंवा खाली येतं. म्हणजे "ग्राफाइट टाकलं की गुळगुळीत होतं" हे वाक्य टेफ्लॉनच्या बाबतीत चूकच आहे.

आत होतं काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत. कार्बनचे कण किंवा फायबर वजन पेलतात आणि प्लॅस्टिकचे मोठे पापुद्रे सुटू देत नाहीत, जे सुटतं ते बारीक सुटतं, आणि हा बारीक चुरा समोरच्या शाफ्टवर दाबला जाऊन पातळ थर बसतो. एकदा तो थर बसला की बुश स्टीलवर चालतच नाही, स्वतःच्याच थरावर चालतो. शेणाने सारवलेल्या जमिनीसारखं आहे ते, पातळ सलग हात बसला तर टिकतं, जाड थापलं तर पोपडे उडतात. आपली सगळी खटपट हा थर पातळ आणि सलग ठेवण्यासाठी.

आधी कागद-पेन

मटेरियल विचारायच्या आधी पीव्ही काढा, म्हणजे दाब गुणिले वेग. उदाहरण घेऊ, शाफ्ट २० मिमी, बुशची लांबी २० मिमी, लोड ४०० न्यूटन (साधारण ४० किलो), ३०० आरपीएम. दाब म्हणजे लोड भागिले व्यास गुणिले लांबी, ४०० भागिले ४००, म्हणजे १ मेगापास्कल. वेग म्हणजे पाय गुणिले ०.०२ मीटर गुणिले ३०० भागिले ६०, आला ०.३१ मीटर प्रति सेकंद. पीव्ही झालं ०.३१. नुसत्या टेफ्लॉनची मर्यादा ०.०५ च्या आसपास असते म्हणजे तो विषय तिथेच संपला, कार्बन-ग्राफाइट भरलेलं टेफ्लॉन साधारण ०.५ पर्यंत नेता येतं म्हणून ते चालू शकेल, आणि त्याच्या वर गेलात की भरलेल्या पीककडे बघावं लागतं.

आता झीज. जाडीतली झीज म्हणजे के गुणिले दाब गुणिले किती मीटर घासलं. हा के प्रत्येक मटेरियलचा वेगळा, घन मिमी प्रति न्यूटन-मीटरमध्ये देतात. वरचा बुश तासाला साधारण ११३० मीटर घासतो. नुसत्या टेफ्लॉनचा के ०.०००५ धरा, तासाला अर्धा मिमीपेक्षा जास्त गेला! चांगल्या भरलेल्या ग्रेडचा के ०.०००००२ ते ०.०००००००२ असा कुठेही असू शकतो, मधला ०.००००००२ धरला तर १००० तासांत साधारण पाव मिमी. शून्य मोजताना डोकं फिरतं म्हणून मोबाइलवर दोनदा करा, एक शून्य इकडेतिकडे झालं की सहा महिन्यांचं आयुष्य अडीच आठवड्यांवर येतं.

आणि उष्णता. घर्षण गुणांक ०.१५ धरला तर ०.१५ गुणिले ४०० गुणिले ०.३१, जवळजवळ १९ वॉट. छोटा आकडा वाटतो पण टेफ्लॉनमधून उष्णता बाहेर पडतच नाही (०.२५ वॉट प्रति मीटर-केल्विन, स्टीलची ५० च्या आसपास), ती त्या घासणाऱ्या तोंडावरच साचते. ग्राफाइट आणि कार्बन फायबरचा अर्धा फायदा हा आहे, ते उष्णता आतून बाहेर न्यायला मदत करतात. डेटाशीटच्या पहिल्या पानावर हे कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

कार्बन कुठला

दुकानात "काळी पावडर" सगळी सारखीच दिसते. ती सारखी नसते.

ग्राफाइट मऊ, त्याचे थर एकमेकांवर सरकतात, शाफ्टला ओरखडे पाडत नाही. शाफ्ट मऊ असेल, अ‍ॅल्युमिनियम किंवा साधं ३०४ स्टेनलेस, तर ग्राफाइटपासून सुरुवात करा. पण ग्राफाइटची एक अट आहे जी लोक विसरतात, त्याला हवेतली ओल लागते. ते स्वतःच्या बळावर निसरडं नसतं, थरांच्या कडांवर पाण्याची वाफ चिकटलेली असते म्हणून सरकतं. दुसऱ्या महायुद्धात विमानं जास्त उंचीवर जायला लागली तेव्हा त्यांच्या जनरेटरचे कार्बन ब्रश भराभर झिजून धूळ व्हायला लागले आणि मग कळलं की वर हवा कोरडी आहे हे कारण. म्हणून कोरड्या नायट्रोजनचा कॉम्प्रेसर असेल, व्हॅक्यूम असेल, तर नुसत्या ग्राफाइटवर विसंबू नका, तिथे मोलिब्डेनम डायसल्फाइड हे दुसरं कोरडं वंगण कामाला येतं (आणि त्याला उलट ओल आवडत नाही). पावसाळ्यातल्या कोकणात ग्राफाइटची मजा आहे, ओल भरपूर.

ग्राफाइट घेताना राखेचं प्रमाण विचाराच. नैसर्गिक ग्राफाइटमध्ये सिलिका वगैरे उरलेलं असतं आणि ती शेवटी वाळूच, शाफ्ट खाते. ९९ टक्क्यांच्या पुढची शुद्धता मागा, रिपोर्ट बघा. स्वस्तात मिळणाऱ्या गोणीवर काहीच लिहिलेलं नसेल तर ती गोणी फाउंड्रीवाल्यांसाठी ठेवा.

दुसरा प्रकार कोकपासून केलेला कडक कार्बन, अमॉर्फस म्हणतात तो. हा दाब पेलतो, दाबाखाली मटेरियल पसरू देत नाही, म्हणून टेफ्लॉनच्या पिस्टन रिंगमध्ये कोक आणि थोडं ग्राफाइट असं मिश्रण असतं, एकूण २५ टक्के वजनाने. तेल न लागणाऱ्या कॉम्प्रेसरमधली काळी रिंग बघितली असेल तर ती बहुतेक ह्याच घराण्यातली. हवेत, वाफेत, पाण्यात बरी चालते.

तिसरा कार्बन फायबर, बारीक तुकडे केलेला. टेफ्लॉनमध्ये १० टक्क्यांतच काम होतं, नायलॉन, पीपीएस (गरमीत टिकणारं आणखी एक प्लॅस्टिक), पीक ह्यांत १० ते ३० टक्के. ताकद वाढते, गरम झाल्यावर आकार टिकतो, पाण्यात छान. ग्लास फायबरपेक्षा शाफ्टला खूपच सौम्य आहे पण पूर्ण निरुपद्रवी नाही, मऊ शाफ्टवर फायबरची टोकं खाजवतात. म्हणून फायबर असेल तर शाफ्ट कडक हवा, ४५-५० एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाचं माप) पुढे असेल तर निवांत.

कार्बन ब्लॅक, टायरमधला, तो रबरात झीज कमी करतो हे खरंच आहे, पण प्लॅस्टिकच्या बुशमध्ये तो रंग, उन्हापासून बचाव आणि वीज वाहून नेणं यासाठी असतो. बुश काळा दिसतो म्हणजे त्यात वंगण आहे असं समजू नका, दोन टक्के कार्बन ब्लॅक घालून कोणीही काळा करून देतं. विचारा, फिलर कुठला, किती टक्के.

राहिले ग्रॅफीन आणि नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म प्रकार. लॅबमध्ये थोड्याशा प्रमाणात मोठे फायदे दिसलेत, खोटं नाही. पण ती पावडर गुठळ्या करते, सुट्या झाल्याच नाहीत तर प्रत्येक गुठळी म्हणजे आतली एक भेग, आणि सुट्या करायला जी यंत्रं लागतात ती छोट्या वर्कशॉपकडे नसतात. शिवाय नाकातोंडात जाण्याचा धोका वेगळा. माझं मत, जोवर साधं ग्राफाइट नीट मिसळता येत नाही तोवर नॅनोच्या नादी लागू नये.

पीकचं सांगायचं तर एक जुनी जाणती रेसिपी आहे, १० टक्के कार्बन फायबर, १० टक्के ग्राफाइट, १० टक्के पीटीएफई, बाकी पीक. जगभर बेअरिंग ग्रेड म्हणून हीच चालते. फायबर वजन घेतं, पीटीएफई थर बसवतं, ग्राफाइट सरकवतं आणि उष्णता नेतं. (पीक आपल्याकडे घरडा केमिकल्सने बनवलं होतं, पुढे तो धंदा सॉल्वेकडे गेला, गुजरातमध्ये पानोलीला प्लांट आहे.) भाव ऐकून घाम फुटतो त्यामुळे १५० अंशांखाली आणि साध्या लोडला पीक मागू नका, आधी बाकीचं तपासा.

किती टाकायचा

सप्लायर वजनाचे टक्के सांगतो पण बुशला कळतात आकारमानाचे टक्के. कार्बनची घनता १.८ च्या आसपास, टेफ्लॉनची २.१६. म्हणजे वजनाने २५ टक्के कार्बन आकारमानाने साधारण २८-२९ टक्के होतो. नायलॉन हलकं, १.१४, तिथे वजनाने २५ टक्के म्हणजे आकारमानाने साधारण १७ च. म्हणून एका प्लॅस्टिकमधला आकडा उचलून दुसऱ्यात टाकायचा नाही.

जास्त टाकला तर? प्लॅस्टिक कणांना धरून ठेवायला पुरत नाही, कण सुटतात, तेच मधे अडकून घासतात आणि झीज परत वाढायला लागते, पार्ट ठिसूळ होतो तो वेगळाच.

तयार पार्ट नीट दाबला गेलाय का हे घनतेवरून कळतं. वरच्या २५ टक्के कार्बनवाल्या टेफ्लॉनची हिशोबाची घनता २.०६ येते. तुकडा आधी हवेत वजन करा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून वजन करा, हवेतलं वजन भागिले दोन्हींतला फरक. १.९५ आली तर आत पोकळ्या आहेत, तो रॉड परत पाठवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सप्लायरलाही कळतं की समोरचा बघणारा आहे.

टेफ्लॉनचं मिश्रण स्वतः करत असाल तर

टेफ्लॉन वितळून वाहत नाही, ३२७ अंशांवरही नुसतं जेलसारखं होतं, म्हणून इंजेक्शन मोल्डिंग विसरा. पावडर मिसळायची, दाबायची, भट्टीत भाजायची. पावडर बारीक ग्रेडची घ्या, २५-३५ मायक्रॉनवाली, जाड दाण्याच्या पावडरमध्ये कार्बन दाण्यांच्या मधल्या फटींत साचतो. कार्बन आधी ओव्हनमध्ये वाळवा.

तापमानाची भानगड इथे आहे. १९ अंशांच्या वर टेफ्लॉनची पावडर मऊ होते आणि घुसळली की तंतू ओढून गुठळ्या करते, म्हणून मिसळताना आणि चाळताना थंड ठेवा, १९ च्या खाली. दाबताना मात्र उलट, २१ ते २५ अंश हवी नाहीतर भेगा. साध्या पावडरला १५ ते ३५ मेगापास्कल दाब पुरतो, भरलेलीला जास्त लागतो, ३५ ते ७० पर्यंत जा. दाब हळूहळू चढवा, थोडा वेळ धरून ठेवा, हळूहळू सोडा, आतली हवा निघायला वेळ द्या. मग शक्यतो एक दिवस तसंच ठेवून भट्टीत, ३६० ते ३८० अंश, चढवताना सावकाश आणि ३२७ वरून उतरताना त्याहून सावकाश. घाई केली की जाड रॉड मधून फुटतो, बाहेरून कळतही नाही, लेथवर अर्धा कापल्यावर कळतं.

४०० च्या वर भट्टी गेली तर विषारी धूर निघतो. कंट्रोलरवर वेगळा कटऑफ बसवा, एक्झॉस्ट चालू ठेवा. टेफ्लॉनची धूळ लागलेल्या हाताने विडी-सिगारेट ओढायची नाही हा जुना नियम आहे आणि तो गमतीचा नाही, सिगारेटच्या टोकाला ती धूळ जळते आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

नायलॉन, पीपीएस, पीकचं कंपाउंडिंग (वितळवून फिलर मिसळणं) ट्विन स्क्रू मशीनवर होतं, ते बाहेरूनच घ्या. एवढंच विचारा की फायबर साइड फीडरने (मधल्या टप्प्यात बाजूने) टाकता की सुरुवातीच्या हॉपरमधून, कारण सुरुवातीपासून टाकलं तर त्याचा भुगा होऊन बाहेर येतो. मोल्डिंगआधी वाळवणं चुकवू नका, नायलॉन ८० अंशांना, पीक १५० ला किमान तीन तास, आणि पीकचा मोल्ड १७० ते २०० अंश गरम हवा, थंड मोल्डमध्ये टाकलं तर वरची कातडी पूर्ण स्फटिक होत नाही आणि बुशमध्ये नेमकी तीच कातडी घासत असते.

लेथवर

भरलेलं मटेरियल टूल खातं, एचएसएसचं (हायस्पीड स्टील) टूल लगेच बोथट होतं, कार्बाइड वापरा, फायबर असेल आणि काम मोठं असेल तर डायमंड टिप. कूलंटऐवजी हवा चालते पण मग धूळ उडते, आणि कार्बनची धूळ वीज वाहून नेते, शेजारचं पॅनल उघडं असेल तर शॉर्ट होऊ शकतं. व्हॅक्यूम क्लीनर टूलजवळच लावा, मास्क घाला. फायबरची धूळ अंगाला खाजते, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

माप कधी घेता तेही महत्त्वाचं. टेफ्लॉन १९ अंशांच्या आसपास एकदम आकार बदलतं, आकारमानात एक टक्क्याहून थोडं जास्त. डिसेंबरच्या सकाळी भोसरीच्या शेडमध्ये पारा १२-१४ वर असतो, तेव्हा मारलेलं माप दुपारी जुळत नाही आणि दोष मात्र ऑपरेटरला. रॉड आधी २३-२५ अंशांच्या खोलीत ठेवा, तिथेच फिनिश कट, तिथेच मोजणी. शिवाय नुसतं टेफ्लॉन स्टीलच्या दहापट फुगतं (भरलेलं कमी, पण तरी बरंच), हाउसिंग (बुश ज्यात बसवलेला असतो तो भाग) बाहेर जाऊ देत नाही म्हणून बुश आत फुगतो आणि शाफ्ट पकडतो. ब्रॉन्झच्या बुशचा क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुशमधली फट) इथे लावला तर अडकणार हे ठरलेलं.

शाफ्ट

बुशवर सगळा विचार होतो आणि शाफ्ट गोदामात होती ती टाकतात. आरए, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा, ०.२ ते ०.४ मायक्रॉन ठेवा. खडबडीत असेल तर ती कानशीच, पण आरशासारखी चकचकीत केली तरी अडचण, थराला पकडायला काही मिळत नाही आणि तो बसतच नाही. ग्राइंडिंग झाल्यावर हलकं पॉलिश, बस.

खारं पाणी असेल तर आणखी एक. कार्बन वीज वाहक आहे आणि गॅल्व्हॅनिक मालिकेत (कोण कोणाला गंजवतो त्या यादीत) धातूंच्या पार वरच्या, न गंजणाऱ्या टोकाला बसतो, त्यामुळे तो अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगला टेकलेला असेल आणि मधे खारं पाणी असेल तर अ‍ॅल्युमिनियम सडतं. मालवण-रत्नागिरीच्या बोटींवरच्या पंपात फायबरवाला बुश अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवताना मधे इन्सुलेशनची बाही टाका किंवा हाउसिंगच बदला. आणि ऑक्सिजनची लाइन असेल तर ह्या लेखावरून काही ठरवू नका, तिथे कार्बन हे जळणारं मटेरियल आहे, त्यासाठी मंजूर ग्रेडच लागतात.

चालवून बघणं

लॅबची टेस्ट म्हणजे पिन-ऑन-डिस्क, एएसटीएम जी९९, किंवा थ्रस्ट वॉशरवाली डी३७०२. दोन सप्लायरचे के बघताना टेस्ट, दाब, वेग आणि शाफ्टचा फिनिश सारखा आहे का बघा, नसेल तर ती तुलना निरर्थक. कॉलेजची पोरं प्रोजेक्ट करताना नायलॉनचं वजन आधी आणि नंतर घेऊन झीज काढतात आणि उत्तर कधीकधी उणे येतं, म्हणजे घासून वजन वाढलं! नायलॉनने हवेतलं पाणी प्यायलेलं असतं दोन-तीन टक्के. बाजूला एक न घासलेला तुकडा ठेवून त्याच्या वजनातला फरक वजा करायचा, किंवा सरळ माप घेऊन झीज काढायची.

मशीनवर बसवल्यावर पहिले काही तास अर्ध्या लोडवर चालवा. सुरुवातीला झीज जास्त दिसेल, घाबरू नका, थर बसतोय. मग उघडून शाफ्ट बघा. करडा-काळा, पातळ, सगळीकडे सारखा डाग म्हणजे काम झालं. जाड पट्टे आणि मधेमधे उघडं स्टील म्हणजे उष्णता जास्त आहे किंवा फिनिश चुकलाय. चकचकीत ओरखडे म्हणजे फिलर कडक आणि शाफ्ट मऊ, किंवा ग्राफाइटमध्ये राख. खाली पडलेला चुरा बोटात घेऊन चोळा, बारीक भुकटी असेल तर ठीक, पापुद्रे किंवा दोरे असतील तर पीव्ही परत काढा.

बुश बदलताना मेंटेनन्सवाले सवयीने शाफ्ट एमरी मारून लखलखीत करतात. ग्रेड तोच असेल तर त्यांना थांबवा, कापडाने सुटी धूळ पुसायची आणि नवीन बुश त्याच थरावर चढवायचा. ग्रेड बदलला असेल तर मात्र जुना थर पूर्ण काढून शाफ्ट परत ०.२ ते ०.४ वर आणून घ्या.